अंबाजोगाई सोडण्याआधी

कॉलेज संपण्यापूर्वी अमुक इतक्या गोष्टी करून घ्या, अशा याद्या हल्ली खूप फिरतात. पुण्याच्या असतात, मुंबईच्या असतात, परदेशातल्या विद्यापीठांच्या गावांच्या तर ढिगानं असतात. अंबाजोगाईची मात्र मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खरं सांगतो, वाचून आधी बरंच वाटलं. म्हणजे आमची अंबाजोगाई 'सोडताना वाईट वाटावं' अशा गावांच्या पंक्तीला जाऊन बसली तर!

ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरावरचं तालुक्याचं ठिकाण. जिल्हा करा अशी मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. रेल्वे नाही, गाडीसाठी परळीला नाहीतर घाटनांदूरला जायचं. निजामाच्या काळात नाव मोमिनाबाद, तेव्हा इथं घोडदळाची छावणी होती. आता छावणी आहे ती विद्यार्थ्यांची. १९७४ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज, जे आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. शिवाय इंजिनिअरिंग आहे, योगेश्वरी आहे, खोलेश्वर आहे. कौतुकानं कुणी 'मराठवाड्याचं पुणे' म्हणतं. (पुण्यात बावीस वर्षं काढल्यावर हे कौतुक आहे की काय याबद्दल मला शंका आहे. असो.)

तर ती यादी. माझी भाची तिथं इंटर्नशिप करतेय, काही महिन्यांत संपेल. तिच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'अंबाजोगाई सोडण्यापूर्वी करायच्या पंचवीस गोष्टी' तयार केल्या आणि तिनं त्या मला पाठवल्या, कारण मामानंही आपली कॉलेजची वर्षं तिथंच काढली आहेत. रात्री दोनला बसस्टँडवर चहा. हॉस्टेलच्या गच्चीवर झोपणं. लातूरला जाऊन लागोपाठ दोन सिनेमे. बुलेटवरून धारूरचा घाट. मुकुंदराजला सूर्यास्ताचा फोटो. हत्तीखान्यात ग्रुप फोटो. योगेश्वरीचं दर्शन, निकालाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. ज्युनिअर्सना पार्टी. वगैरे वगैरे.

यादीशी माझं भांडण नाही. मजा करावीच. पण वाचता वाचता लक्षात आलं की यातल्या बहुतेक गोष्टी नंतरही करता येतात, आणि कितीतरी तर कुठंही करता येतात. पस्तिशीत तुम्ही स्वतःच्या गाडीतून धारूरचा घाट चढाल, उलट तेव्हा पेट्रोलची चिंता नसेल. योगेश्वरी तर कोकणस्थांची कुलस्वामिनी, लग्न झालं की पुण्यामुंबईहून गाड्या करून लोक येतात. सोडताना करायच्या गोष्टी त्या, ज्या सोडल्यावर करता येणार नाहीत. माझी यादीची कसोटी एवढी एकच.

मग प्रश्न असा की सोडल्यावर नेमकं काय जातं? गाव तिथंच राहतं. देऊळ, दरी, लेणी, सगळं तिथंच. जातं ते आपलं विद्यार्थी असणं. आणि विद्यार्थी असणं हा आपल्याकडे एक मोठा परवाना आहे, हे तो हातात असेपर्यंत कळत नाही. विद्यार्थ्याला कुणाच्याही ओसरीवर बसता येतं. काहीही विचारता येतं, अगदी बावळट प्रश्नसुद्धा. 'शिकायलंय लेकरू' म्हणून म्हातारी माणसं तासभर बोलत बसतात. पदवी मिळाली की तुम्ही डॉक्टरसाहेब होता, इंजिनिअरसाहेब होता, पुढं खुर्ची येते, चहा येतो, आणि खरं बोलणं आत राहतं.

म्हणून माझी यादी जरा वेगळी. पंचवीस गोष्टी मला सुचत नाहीत, चारपाच सुचतात.

पहिली मुकुंदराजच. पण फोटोसाठी नाही, आणि पाच जणांनी मिळून नाही. एकट्यानं किंवा दुकट्यानं, पायी. गावाबाहेर डोंगर एकदम तुटतो आणि खाली दरीत समाधी आहे. पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर दरी हिरवीगार असते आणि पाण्याचा आवाज वरपर्यंत येतो. 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी कुणीतरी वेदान्तासारखा विषय मराठीत, ओवीत लिहून काढला, आणि परंपरा सांगते की तो माणूस या दरीत विसावला. यावर वाद आहेत. कालाबद्दल आहेत आणि जागेबद्दलही आहेत, विदर्भातलं वैनगंगेकाठचं आंभोरंही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. अभ्यासकांनी तो वाद जरूर घालावा. मला त्यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मेडिकलची मुलं साडेचार वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचतात आणि समोरच्या पेशंटशी मराठीत बोलतात. अवघड ज्ञान साध्या माणसाच्या भाषेत कसं सांगायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. हाच प्रश्न आठशे वर्षांपूर्वी ज्याला पडला त्याची समाधी हॉस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लायब्ररीतून 'विवेकसिंधु' काढा, चार पानं तिथं बसून वाचा. सगळं कळणार नाही. नाही कळलं तर तिथं बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. मी सांगतो, विद्यार्थी आहे म्हटल्यावर तो सांगेल. त्याला जे कळलंय ते सांगेल, पण सांगेल.

तसंच दासोपंत. सोळाव्या शतकातले, १६१५ मध्ये इथंच समाधिस्थ झाले. माणूस किती लिहायचा याला सुमार नाही, एकट्या 'गीतार्णवा'च्याच ओव्या लाखाच्या वर सांगतात. आणि कागद पुरेना म्हणून की काय, कापडावर लिहिलं! ती पासोडी, पंचीकरणाची. लांबच लांब कापडावर अक्षरं आणि आकृत्या. ज्यांना ॲनाटॉमीचे तक्ते पाठ करायची सवय आहे त्यांनी हा तक्ता एकदा बघायलाच हवा, कारण पाच महाभूतांपासून देह कसा बनला याचाच तो तक्ता आहे. वंशजांची थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशी दोन घरं गावात आहेत. जाताना रीतीनं जा, आधी विचारून जा. कुणाच्या घरी आपण जातोय, म्युझियममध्ये नाही, एवढं भान ठेवलं म्हणजे झालं.

हत्तीखान्याबद्दल फार सांगत नाही, सगळे जातातच. फक्त तिथली गोष्ट गावातल्याच कुणाकडून तरी ऐका. योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली. सांगणाऱ्या बाया 'मुहूर्त कुणामुळं टळला' यावर वेगवेगळी मतं देतात, आणि त्या मतांवरून त्यांच्या स्वतःच्या लग्नांबद्दल बरंच कळतं. आणि हो, बाराखांबी! यादवकाळातलं सकलेश्वराचं देऊळ. २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्यानं तिथं उत्खनन केलं तेव्हा आवारात आणखी दोन मंदिरांचे पाये सापडले. आपण पावणेआठशे वर्षं ज्या जमिनीवरून चाललो तिच्याखाली काय होतं ते भाचीच्या बॅचच्या डोळ्यांदेखत वर आलं, आणि पंचवीसच्या यादीत ते नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती.

बीड जिल्हा बाहेर ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसाला अवजाराच्या नावानं मोजायचं, आणि तेही दोघांना मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती सहा महिने फेडायची. पोरं आजी-आजोबांजवळ नाहीतर बरोबर उसाच्या फडावर, कोपीत. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, एका दिवसाच्या खाड्याचा दंड बसतो, हे त्याच्यामागचं एक कारण म्हणून तेव्हा सगळ्या देशात छापून आलं. इतर कारणंही होती, ती डॉक्टर मंडळींना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

भाचीला म्हटलं, तुझ्या यादीत एक घाल. टोळ्या निघायच्या आधी एखाद्या गावात दोन दिवस राहून ये.

ती म्हणाली, "मामा, ओपीडीत रोज त्याच बायका असतात की. आणि ग्रामीण पोस्टिंग झालंय माझं."

बरोबर आहे. पण ओपीडीत त्या तुझ्याकडे येतात. टेबलाच्या त्या बाजूला बसून, आवाज खाली घालून, तीन मिनिटांत 'कंबर धरलीय' एवढंच सांगतात. त्या घरी कशा असतात, उचल किती झाली हे कुणाला सांगतात आणि कुणापासून लपवतात, निघायच्या आदल्या रात्री ट्रॅक्टरमध्ये काय काय भरतात, कोणतं पोर न्यायचं आणि कोणतं ठेवायचं हे कोण ठरवतं... हे टेबलाच्या या बाजूनं कधीच दिसत नाही.

मग तिनं जरा टोकदार प्रश्न विचारला, आणि मला तो आवडला. "मामा, पण मी असं जाऊन बघायचं म्हणजे तमाशाच की. त्यांची गरिबी बघायला जायचं?"

याचं उत्तर मी तिला असं दिलं. तुझ्याच बॅचमध्ये नीट बघ. ज्याचे आईबाप फडावर गेले तेव्हा तो आजीजवळ राहून किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकला, असा मुलगा, अशी मुलगी तुमच्या कॉलेजांमध्ये असतेच. गावाकडं कधी बोलावत नाही, विषय निघाला की 'शेती आहे' म्हणून मोकळी होते. मैत्रिणीच्या घरी जाणं हा तमाशा नाही. स्टेथोस्कोप हॉस्टेलवर ठेवायचा, फोटो काढायचे नाहीत, तिच्या आईनं वाढलेली भाकरी आणि ठेचा खायचा आणि भांडी घासू लागायचं. एवढंच. पाच वर्षं एका बाकावर बसून ज्या मैत्रिणीचं घर पाहिलं नाही, तिचं घर डॉक्टर झाल्यावर पाहणं होत नाही. तेव्हा दोघीही लग्नाच्या हॉलमध्ये भेटता, भारी साड्या नेसून.

भाची गप्प बसली. तिच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आलं असावं.

मला यात आणखी एक टोचतं. आमच्या जिल्ह्यातून दोन प्रकारची माणसं बाहेर जातात. एक दिवाळीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. दुसरी पदवी घेऊन जातात आणि परत येत नाहीत. मी दुसऱ्यांतला. माझं गाव केज तालुक्यातलं, घराला आता कुलूप आहे. जाऊ नका असं मी कुणाला म्हणणार नाही, तसं म्हणायचा मला अधिकारही नाही आणि माझी तशी इच्छाही नाही. भाचीला पुढं शिकायचंय, तिनं पुण्याला जावं, दिल्लीला जावं. बाँडचं एक वर्ष कुठं मिळेल ते मिळेल. पण जाताना आपण कुठून जातोय हे तरी माहीत असावं. पहिल्या प्रकारच्या माणसांना ते पक्कं माहीत असतं, म्हणून तर ती परत येतात.

तिच्या कॉलेजच्या नावाचंच बघा. सगळे 'एसआरटी' म्हणतात. स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, हे १७ सप्टेंबरच्या भाषणात ऐकलेलं असतं. पण १९३८ च्या सत्याग्रहात उतरण्यापूर्वी स्वामीजी याच गावात शाळामास्तर होते हे कितींना माहीत असतं? आधी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मग मोमिनाबादला योगेश्वरी. निजामाच्या राज्यात मराठीतून शिकवायचं म्हणजे काय होतं, हे त्या जुन्या शाळेच्या आवारात उभं राहून विचार केल्याशिवाय कळणार नाही. पुढं १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहियांनी इथंच 'मानवलोक' सुरू केलं, शैलाताई लोहिया मराठी शिकवता शिकवता बायकांसाठी काम करत राहिल्या. म्हणजे शिक्षण आणि आसपासची माणसं यांचा संबंध असतो, असं मानणाऱ्यांची या गावात एक परंपराच आहे. तिच्यासमोर गच्चीवर झोपणं मला जरा लहान वाटतं. (म्हातारा झालो म्हणा हवं तर!)

हलक्या गोष्टीही सांगतो, नाहीतर भाची पुढचं वाचणार नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो, त्यात शेवटच्या रांगेत बसून रात्रीचं गाणं ऐकायचं. एवढे मोठे गवई पुण्यात ऐकायला तिकिटं काढावी लागतात आणि रांगा लावाव्या लागतात. दिवाळीच्या आधी सीताफळं, तीही बाजारातली नाहीत, डोंगरातून पाटीत घेऊन येणाऱ्या बाईकडची. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं, तुम्ही सांगा आणि भाव करू नका. थंडीत कुणाच्या तरी शेतात आगटीवरचा हुरडा. मार्गशीर्ष पौर्णिमेला योगेश्वरीची यात्रा. आणि एकदा परळीला लाल गाडीनं. २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे, त्यामुळं गाडीत गप्पा मारायला बायका भरपूर. पंचवीसेक किलोमीटरात कुणाच्या सुनेला किती टाके पडले इथपर्यंत माहिती मिळते.

एक शेवटची, आणि ती पैशांची. खानावळीचा, टपरीचा, झेरॉक्सवाल्याचा हिशेब. पैसे तर देतातच सगळे, हल्ली फोनवरून क्षणात जातात. माझं म्हणणं असं की ते हातात द्यायला जा, आणि दुपारी तीनला जा, जेव्हा ताटं उठलेली असतात आणि काकू जरा टेकलेल्या असतात. अंबाजोगाईतली कितीतरी घरं विद्यार्थ्यांच्या डब्यावर उभी राहिली. नवरा गेलेला, दोन पोरं पदरात, आणि पंचवीस डबे, अशी घरं माझ्या वेळेलाही होती आणि आताही आहेत. या बायकांनी किती डॉक्टर आणि किती इंजिनिअर जेवू घातले याची नोंद कुठल्याच कॉलेजच्या वार्षिकात नसते. त्यांना मात्र सगळं आठवतं. कोण कारलं खात नव्हता, कुणाचे वडील परीक्षेच्या वेळी गेले, कोण डबा परत पाठवायचा आणि रडत असायचा. तुमच्या त्या पाच वर्षांची एक प्रत तिच्याकडे ठेवलेली असते. ती एकदा तिच्या तोंडून ऐकून घ्या. विद्यार्थी म्हणून, मोरीपाशी पाटावर बसून.

जाता जाता नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्यापैकी तिघांची मुलं सध्या तिथं आहेत, म्हणून उघडच लिहितो. आपली पद्धत अशी की शेवटचा पेपर किंवा शेवटची ड्युटी संपायच्या दिवशी सकाळीच गाडी हॉस्टेलच्या दारात उभी. दुपारी गादी, कूलर, पुस्तकांची खोकी भरायची आणि उजेडात घाट उतरायचा म्हणून चार वाजता निघायचं. मूल मागच्या सीटवर झोपून जातं आणि गाव मागे पडलेलं त्याला कळतसुद्धा नाही. तर ताई, दाजी आणि नांदेडचे काका, गाडी आठ दिवसांनी पाठवा. कूलर तेवढा आधी नेलात तरी चालेल.